वाऱ्याला नमस्कार

यानझुई, २२ मार्च २०२४

हूशेंग,

बाबा गेले. अकरा तारखेला, सकाळी साडेनऊला. झोपेतच. लानश्यांगने तुझ्या कंपनीच्या कार्यालयातून जहाजावर निरोप पाठवला होता, त्यावरचं तुझं उत्तर तिने मला दाखवलं. 'कळलं.' एवढंच होतं. जहाजावरून फार बोलता येत नाही, असं ती म्हणाली. येत नसेल.

कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की रसद घेऊन जाणारं जहाज महिनाअखेरीला निघतं आणि तुमच्यापर्यंत पोचायला त्याला चाळीसेक दिवस लागतात. त्यात पत्र देता येतं. म्हणून लिहिते आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही. अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्यांवर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' एवढंच लिहीत आले. पण फोनवर तू मला अडीच वर्षं बंद करून ठेवलं आहेस. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, तेवढं करू नकोस.

सगळं रीतीप्रमाणे झालं. अंत्ययात्रेत मुलाने धरायचा फोटो झानकाकांनी धरला. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटचा पोरगा परक्या समुद्रात म्हाकळं धरतोय, आणि बापाचा फोटो धरायला गस्तीवाला!"

झानकाका म्हणाले, "अक्का, गस्तीवाला मी आता चार वर्षं झालो. त्याआधी चाळीस वर्षं त्याच्या होडीला माझी होडी बांधलेली होती."

आत्या गप्प बसली. ती गप्प बसली हे तुला कळवण्यासारखंच आहे.

एक गोष्ट बाबा शेवटच्या आठवड्यात सांगून गेले. शंभराव्या दिवशी त्यांच्या नावाने कागदाची नाव जाळायची नाही. एक खरी बोट भाड्याने घ्यायची, मासेमारी बंद होऊन होड्या मोडल्यापासून पाण्यावर न गेलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तीत बसवायचं, आणि नदीडुकरं, आपले ते बिनपंखी डॉल्फिन, बघायला न्यायचं. मी विचारलं, "बघायला म्हणजे?" ते म्हणाले, "बघायला म्हणजे बघायला. आयुष्यभर त्यांनी वाऱ्याकडे तोंड करून डोकं हलवलं की वादळ येणार म्हणून त्यांना बघून आपण पळालो. एकदा मुद्दाम त्यांना बघायला जा."

शंभरावा दिवस अठरा जूनला येतो. तू येऊ शकणार नाहीस हे मला माहीत आहे. फक्त कळवते.

तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

रुइफेन

६ एप्रिल

हूशेंग,

पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई परवा झाली. आईच्या थडग्यावर या वर्षी गवत फार वाढलं होतं. बाबांची जागा तिच्या उजव्या हाताला आहे. तुझ्या वाटणीची उदबत्ती लानश्यांगने लावली.

घरी येऊन जेवलो. आत्याने वाफवलेला मासा केला होता. मासा अर्थात तळ्यात वाढवलेला, बंदी आल्यापासून दुसरा मिळतोच कुठे. आत्या प्रत्येक घासाला सांगत होती की याला चिखलाची चव आहे, आणि खातही होती. वरची बाजू संपली. लानश्यांग डोंगराकडची, तुझ्याशी लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी तिच्या अंगवळणी पडत नाही. तिने काट्याला चॉपस्टिक लावली, तशी आत्याने तिच्या मनगटावर फटका दिला.

"घरातलं माणूस पाण्यावर आहे ना?"

"आत्या, तो दहा हजार मैलांवर आहे."

"मग दहा हजार मैलांवरच्याचा मान दहा हजार पट. जो शेवटी किनाऱ्याला लागेल त्याने काटा उचलायचा, मग खालची बाजू सगळ्यांची. तोवर हात लावायचा नाही, आणि मासा उलटायचा तर नाहीच, होडी उलटते."

म्हणजे तुझ्या नावाने आमच्या घरी अडीच वर्षं माशाची खालची बाजू शिल्लक राहते आहे. ती रोज लानश्यांगचं मांजर खातं. मांजर आता चालत नाही, लोळतं.

बोटीचं सांगते. गस्तीची बोट अशा कामाला देता येत नाही. झानकाकांनी पलीकडच्या काठाची जुनी प्रवासी बोट ठरवली आहे, तीच, निळ्या छपराची. परवानगीही मिळाली. म्हातारी माणसं अकरा. त्यांतले नऊ जण म्हणतात, डुकरांत बघायचं काय? आत्या तर म्हणाली, "साठ वर्षं त्यांनी वाऱ्याला नमस्कार घातला की मी वाळत घातलेले कपडे उचलले. आता त्यांना बघायला मी नवे कपडे घालून जाऊ?" पण जांभळा सदरा शिवायला टाकला आहे तिने. शिंपी माझ्या दवाखान्यात येतो, त्याने सांगितलं.

लानश्यांगचं टोफूचं दुकान बरं चाललं आहे. तिने सांगितलेला निरोप जसाच्या तसा लिहिते : 'त्याला सांगा मी जाड झाले आहे आणि मला आवडतं आहे.'

तिने आणखी एक सांगितलं. ऑगस्टच्या अखेरीला तुमच्याकडे करार नवा करायची वेळ येते, आणि तू मधे घरी न येता आणखी दोन वर्षांसाठी सही करणार आहेस. हे सांगताना ती हसत होती. टोफू कापत होती आणि हसत होती. तुकडे सगळे वाकडे आले.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. बाबा तुझ्याबद्दल बोलले. रोज बोलत. सकाळी चहा दिला की पहिलं वाक्य, "रसदीचं जहाज निघालं का?" एकदा त्यांनी नकाशा मागितला. तुझं जहाज कुठे आहे ते मी बोटाने दाखवलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून यानझुईपासून तिथवर मोजलं आणि म्हणाले, "दोन वीत. एवढंच ना?"

हे मी का लपवलं ते मला नीट सांगता येत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती सुरू केली की हीही सांगावी लागली असती. ती आज नाही लिहीत.

रुइफेन

१९ जून

हूशेंग,

काल गेलो होतो. सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी बाहीवरचा काळा कपडा काढून जाळला. शंभर दिवस झाले. बाही एकदम हलकी वाटली, मी दोनदा चाचपून पाहिली. सात वाजता सगळे धक्क्यावर हजर. नऊ जण येणार नव्हते त्यांपैकी नऊच्या नऊ आले. वर आणखी तिघं. होड्यांच्या सणाचे उरलेले पानातले चिकट भात, चहात उकडलेली अंडी, सूर्यफुलाच्या बिया, एक पत्त्यांचा डाव. आत्या जांभळ्या सदऱ्यात. झानकाका तिला बघून म्हणाले, "अक्का, डुकरं बुजतील."

"बुजली तर तुझं तोंड बघून बुजतील. तुला रोज बघतात बिचारी."

पाणी भरलं आहे. हिवाळ्यात गाई चरतात ती सगळी कुरणं खाली गेली आहेत, लव्हाळ्याच्या बेटाचे नुसते शेंडे दिसतात. तरी बोट सुटली आणि पाच मिनिटांत सगळे गप्प झाले. मला आधी कळलं नाही का ते. मग पाहिलं, प्रत्येकाचे हात काहीतरी करत होते. म्हातारा ल्यू बोटांनी नसलेलं जाळं चाचपत होता. त्याची बायको बाकावरच्या दोरीचा वेढा घालत होती, सोडत होती, घालत होती. चार वर्षांनी पाण्यावर आली होती ही माणसं. आपल्या अठरा होड्या एका दिवसात यंत्राने मोडल्या, तेव्हा ही सगळी रांगेत उभी होती. तू नव्हतास. तू तेव्हाही रागावून गेला होतास.

देवळाच्या टोकाशी फटाके लावायचे असतात. बोटीवर फटाक्यांना मनाई आहे. आत्याने पिशवीतून पातेलं आणि झाकण काढलं आणि वडवडवडवड वाजवलं. म्हणाली, "देव म्हातारा आहे, त्याला फरक कळत नाही."

नऊ वाजले, दहा वाजले. डुकरं नाहीत. पत्त्यांचा डाव रंगला. झानकाका बोट सावकाश सरोवराच्या तोंडाकडे नेत होते, जिथे आपलं हिरवं पाणी यांगत्सेच्या पिवळ्या पाण्याला लागून वाहतं. अकरा वाजले. अंडी संपली. म्हातारा ल्यू म्हणाला, "शुइवांग आयुष्यभर फसवायचा, मेल्यावरही फसवलं." सगळे हसले. बाबांचं नाव घेऊन शंभर दिवसांत कोणी हसलं नव्हतं. मीही हसले.

मला मात्र काळजी लागली होती. शेवटची एकच गोष्ट मागितली माणसाने, आणि तीही होत नाही. मी डोळे फाडून पाणी बघत होते. बाबा झानकाकांसोबत गस्तीवर जायचे तेव्हाची त्यांची वही मी बरोबर घेतली होती. तारीख, वारा, किती दिसली, एवढंच त्यात असतं. एका पानावर, 'आज शून्य. होती. मी बघितलं नाही.' असं आहे. ते वाचून जरा धीर आला.

दुपारी दोनच्या सुमारास फुस्स झालं.

तो आवाज मी तुला काय सांगू. सायकलच्या चाकातली हवा कोणी बोटाने जरा सोडावी तसा. मग दुसरा. मग डाव्या हाताला पाचसहा एकदम. शिशासारख्या पाठी, वर पंख नाही काही नाही, गुळगुळीत, ओल्या गारगोटीसारख्या. आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला. आग्नेयेकडे. डोकं वर, खाली. वर, खाली.

आणि हूशेंग, बोट वळली.

झानकाकांनी सुकाणू गरकन फिरवलं. म्हाताऱ्या ल्यूने पत्ते खिशात कोंबले. त्याच्या बायकोने दोरी सोडून हातात घेतली. आत्याने पातेल्यात उरलेले भात भरले, झाकण लावलं, वरून फडकं बांधलं, आणि भिजू नयेत म्हणून दोन्ही बूट काढून छातीशी धरले. मी स्वतः छपराचा पडदा सोडवत होते. सतरा माणसं, एक शब्द नाही, सगळी आपापलं काम करतायत, आणि बोट पूर्ण वेगात घराकडे निघालेली.

फक्त लानश्यांग उभी होती. मधोमध, कमरेवर हात. डोंगरातली ना ती. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग ओरडली, "अहो! कुठे पळताय सगळे? डुकरं तिकडे आहेत!"

कोणाला काही समजेना.

"ज्यांना बघायला सात तास बसलो ती आली, आणि तुम्ही त्यांना पाठ दाखवून चाललात?"

झानकाकांनी सुकाणूकडे बघितलं. आपल्या हातांकडे बघितलं. दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे. मग इंजिन बंद केलं.

सगळ्यांत आधी आत्या हसली. बूट छातीशी तसेच. हसता हसता बाकावर बसली, बसता बसता सरकली, खाली पडली आणि खालीच बसून हसत राहिली. म्हातारा ल्यू इतका हसला की त्याची कवळी निघाली आणि त्याच्या बायकोने ती हवेतच झेलली. ल्यूबाई म्हणाली, "चार वर्षांत हातातून काही निसटलं नाही अजून!" मी किती वेळ हसले मला माहीत नाही. पोटात दुखायला लागलं. शंभर दिवस जे आवरून धरलं होतं ते असं निघेल असं वाटलं नव्हतं. बाबांना हे माहीत होतं. 'बघून पळालो' म्हणाले होते ना. आम्ही पुन्हा पळणार, हेही त्यांना माहीत असणार.

इंजिन बंद झालं तशी ती जवळ आली. बोटीपासून दहा हातांवर. मग सगळ्यांनी खरोखर बघितलं. साठसाठ वर्षं ज्यांच्यासोबत काढली, त्यांचं तोंड हसरं असतं हे आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. आत्या म्हणाली, "हसतायत कशाला मेली?"

"आपण पळालो म्हणून," लानश्यांग म्हणाली.

आत्या वाकून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच, त्यांच्याशी बोलावं तसं म्हणाली, "कपड्यांसाठी सांगत होता होय रे इतकी वर्षं. आणि मी शिव्या देत होते."

मग एक अगदी जवळ आली. तिच्या मानेमागून, परापासून परापर्यंत, पांढरट वळ होता. दोरा घट्ट बांधून सोडल्यासारखा. झानकाका एकदम म्हणाले, "ही ती! हूशेंगची!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तुझं नाव आपल्या धक्क्यावर कोणी मोठ्याने घेत नाही. झानकाका म्हणाले, "मी गप्प बसणार नाही आज. शुइवांगने मला शंभर वेळा सांगितलंय हे, मी एकदा सांगतो. त्या संध्याकाळी आम्ही बेटामागे पोचलो तेव्हा ह्याच्या चोरून लावलेल्या जाळ्यात ही अडकलेली. वारा सुटलेला, लाटा ह्या एवढ्या. रबरी होडीचं इंजिन चालू होतं. आम्हाला त्याने लांबून पाहिलं. गेला असता तर आम्हाला सापडला नसता, त्या लव्हाळ्यात कोण शोधणार? पण हा पठ्ठ्या अर्धा पाण्यात लोंबकळत, दोन्ही हात हिच्या पोटाखाली. हिचं नाक वर धरून. सोडलं तर ही बुडून मेली असती. शुइवांगने त्याला काय म्हणावं? 'चाकू दे.' बस्स. जाळं कापलं, ही गेली. मग पोराला धरलं. परत येताना मला कोपर मारून म्हणाला, 'बघितलंस? पळाला नाही.' त्यानंतर चहाच्या दुकानात, गस्तीवर, न्हाव्याकडे, जो भेटेल त्याला : 'पळाला नाही माझा पोरगा.'"

"पोराला सांगितलं का?" आत्याने विचारलं.

"त्याला सोडून सगळ्यांना."

"गाढव," आत्या म्हणाली. तिच्या सख्ख्या भावाला. मग सदऱ्याच्या नव्या बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात वळवालीच्या शेजारी आणखी एक पाठ वर आली. लहान. हाताएवढी. फुस्सही नीट जमत नव्हतं तिला, नुसतं फुस. पिल्लू आहे, हूशेंग. तू धरून ठेवलेलीला पिल्लू झालं आहे.

पावणेचारला वारा आला. डुकरं काही खोटं बोलत नव्हती. देवळाच्या टोकाआड पोचेपर्यंत सगळे नखशिखांत भिजलो. जांभळ्या सदऱ्याचा रंग गेला, आत्याचे हातही जांभळे झाले. बूट तेवढे कोरडे राहिले.

वहीत मी कालची तारीख घालून लिहिलं, 'आग्नेय वारा. नऊ, आणि एक पिल्लू. बघितलं.'

२० जून

कालचं पत्र बंद केलं नव्हतं. याच पाकिटात घालते.

झानकाकांनी त्यांचं सांगितलं. माझं मी सांगायला हवं. एप्रिलमध्ये पुढे ढकललं, आता तू सही करायच्या आधी पोचेल असं हे शेवटचंच जहाज आहे.

त्या दिवशी तू दुपारी निघताना मला म्हणालास, "ताई, बेटामागे जातोय, बाबांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. चार वाजता बसमधून धक्क्यावर उतरले तर समोर आठ डुकरं, सगळी ईशान्येला तोंड करून. नमस्कार चालू. आकाश निरभ्र होतं. तुझा फोन मी तीनदा लावला. लागला नाही. रबरी होडी, ईशान्येचा वारा, आणि तू कुठे आहेस हे जगात मला एकटीला माहीत.

धक्क्यावरच्या फलकावर गस्तीचा क्रमांक लिहिलेला आहे. मी तो लावला.

बाबांनी कधी तुला पकडून दिलं नाही, हूशेंग. मी दिलं.

फोन उचलला तो बाबांनीच. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा श्वास ओळखला असावा. म्हणाले, "कुठे?" मी म्हणाले, "बेटामागे." ते म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

मला वाटलं होतं ते तुला घरी आणतील. बरोबर शिक्का मारणारी सरकारी माणसं असतील, जाळ्यात डुक्कर सापडेल, चार महिने तुरुंगात जातील, यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. खरं तर थोडं आलं होतं. तरी लावला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गावभर सांगितलं की इंजिनाचा आवाज त्यांनीच ओळखला. मी त्यांना म्हणाले, मी हूशेंगला खरं सांगते. ते म्हणाले, "गप्प बस. मी म्हातारा आहे. माझ्यावर रागावला तर दहा वर्षांचा राग. तुझ्यावर रागावला तर चाळीस वर्षं वाया. मी गेल्यावर तुम्ही दोघंच आहात."

मी गप्प बसले. त्यांनी सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला समजावत आले. पण ते मला सोयीचंही होतं. तू त्यांच्याशी बोलत नव्हतास, फोन मात्र आम्हां दोघांचे बंद केलेस. मला वाटायचं, माझा नुसता त्यांची बाजू घेतली म्हणून. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "आता तुझं तू बघ." नाही म्हणाले नाहीत.

म्हणजे तू ज्यांच्यावर रागावून दोन वीत लांब गेलास ते तुझी फुशारकी मारत फिरत होते, आणि जिच्यावर रागवायचं ती मी इथे पुड्या बांधत बसले आहे. आता योग्य माणसावर रागाव. पण त्यासाठी तुला इतक्या लांब राहायची गरज नाही. मी इथेच असते, दवाखान्यात, सकाळी आठ ते पाच.

पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फोन लावीन. हेही लिहून ठेवते.

रुइफेन

१५ सप्टेंबर

हूशेंग,

हे पत्र रसदीच्या जहाजाने जाणार नाही. झौशानच्या धक्क्यावर तुझ्या कंपनीच्या कार्यालयात ठेवायला सांगते आहे, उतरशील तेव्हा मिळेल.

तुझा निरोप लानश्यांग दुकान उघडं टाकून दवाखान्यात घेऊन आली. औषधाच्या रांगेत पुढे घुसली. लोक ओरडले, तर म्हणाली, "माझा नवरा सही करत नाहीये, तुमचा खोकला थांबेल पाच मिनिटं!" आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

'सही केली नाही. ऑक्टोबरात उतरतो. ताईला सांग, पुढच्या वेळी गस्तीआधी मला चौथ्यांदा फोन लाव. चार महिन्यांबद्दल घरी आल्यावर भांडू. पिल्लू कोणत्या बाजूला पोहत होतं?'

रांगेतला एक आजोबा म्हणाला, "पिल्लू कुणाचं?" लानश्यांग म्हणाली, "आमच्याच घरचं."

तर उत्तर. पिल्लू आईच्या डावीकडे होतं. वारा आग्नेयेचा, तोंड वाऱ्याकडे, आणि पाण्याचा ओढा उजवीकडून येत होता. म्हणजे आडोशाच्या बाजूला. तू विचारलंस तेव्हा मला आठवेना, मी वहीत लिहिलं नव्हतं. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "डावीकडे. आणि त्याला म्हणावं, ही गोष्ट त्याला ठाऊक असायला हवी. आईच्या कोणत्या बाजूला राहायचं ते पिल्लालाही कळतं."

भांडायला माझी तयारी आहे. दोन दिवसांची रजा टाकली आहे. एक भांडायला, एक झोपायला. बाबांच्या थडग्यावर आपण तिसऱ्या दिवशी जाऊ. तिथे काय बोलायचं ते तुझं तू बघ, मी लांब उभी राहीन. झानकाकांनी निळ्या छपराची बोट पुन्हा ठरवली आहे. या वेळी कोणी पळायचं नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे. ल्यू म्हणतो तो कबूल करतो, पण हातांची हमी देत नाही.

येताना काही आणू नकोस. म्हाकळं तर मुळीच नको, आत्याने बजावलं आहे. झौशानहून बसने पूल ओलांड, मग रेल्वेने च्युच्यांगपर्यंत ये, पुढे पाच वाजताची बस आहे, ती आता देवळावरून जाते. धक्क्यावर मी असेन.

जेवायला मासा असेल. तळ्यातला, चिखलाच्या चवीचा, सवय कर. वरची बाजू तू पोचेपर्यंत आम्ही संपवली तर रागावू नकोस, आत्याला धीर धरवत नाही. खालच्या बाजूला कोणी हात लावणार नाही. मांजराला त्या दिवशी लानश्यांग कोंडून ठेवणार आहे.

तू ये आणि काटा उचल. आम्ही सगळे भुकेले आहोत.

तुझी ताई
रुइफेन